एकतीस मार्च, कळमनुरी

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी
अनुदान आलं.
मोईनसाहेबांनी चष्मा पुसला,
म्हणाले, लावा बिलं, पन्नास मिनिटं हातात आहेत.

वर्षभर पेंगणाऱ्या कचेरीचं
त्या रात्री लग्नघर झालं होतं.
जिन्यावर ठेकेदार, पायरीपायरीला चहाचे कप,
प्रिंटरला ताप चढलेला.
स्वागत कमानीचं बिल गेलं.
वॉटर कूलरचं गेलं,
कूलर अजून हिंगोलीतच आहे, पण बिल गेलं.
ज्याच्यामागं माणूस उभा होता, ते ते गेलं.

शालेय पोषण आहार,
स्वयंपाकी मानधन, नोव्हेंबर ते मार्च,
ही फाईल माझ्या टेबलावर.
तिच्यामागं कुणी नव्हतं.
पंचफुला वावळे रात्रीची येणार कशी,
खापरवाडीची शेवटची एसटी साडेसातची.
एक सही कमी होती, ती अकरा छप्पनला मिळाली.
मग पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं
जात्यासारखं,
पीठ काही पडेना.

बारा वाजले.
निधी व्यपगत.
वीस वर्षं टाईप करतोय हा शब्द,
मेल्याला वारला म्हणावं
तसा सभ्य.

जूनमध्ये वरून पत्र:
गतवर्षी रक्कम अखर्चित राहिल्याने
सदर लेखाशीर्षाखाली गरज दिसून येत नाही,
सबब तीस टक्के कपात.
मी आवक क्रमांक टाकला.

जुलैत तपासणीला गेलो.
एकशे बारा पोरं ओळीत, ताटल्या वाजवत.
तेल दोन महिने आलेलं नाही, असं रजिस्टर सांगत होतं.
खिचडीवर तर तवंग होता.
"त्ये म्या घातलंय, सायब.
शेळक्याच्या दुकानातून, माझ्या नावावर.
पोरं बसल्यावर त्यांला काय सांगू,
अनुदान यायलंय म्हणून?"
पोराच्या जुन्या वहीत, गणिताच्या मागच्या पानावर
तेल, हळद, मीठ, पुन्हा तेल.
बेरीज चार हजार दोनशे सत्तर.
दोनदा करून पाहिली. बरोबर होती.

राज्य कुणाकुणाचं देणं लागतं
याचं एक विवरणपत्र असतं,
रोखे, बँका, केंद्र सरकार,
रकाने भरपूर.
शेरा लिहायला पेन काढलं
आणि नुसतंच टोपण लावत, काढत बसलो.

व्याजाचं तिनं नाव काढलं नाही.
ताटली पुसून पुढं केली.
म्हणाली, बसा, दोन घास खा,
आज मीठ जरा बेतानंच आहे.