सव्वापाच मासे

मंगळवारी आणि शुक्रवारी मी लिंकनचा स्टीप हिल चढते,
थरगुडसाहेबांच्या पायाची पट्टी बदलायला.
जखम घोट्याच्या वर, जुन्या रुपयाएवढी,
मार्चपासून भरता भरत नाही.

त्यांना जखमेत रस नाही.
मी कात्री शोधते तोवर मांडीवर ट्रे येतो,
हिरव्या बनातीत खळगे, खळग्यांत सोनं:
जहाजात उभा राजा, जहाजापेक्षा उंच,
मग त्याचा अर्धा, मग त्याचा पाव,
आणि कडा कातरून कुणी चार दिवस पोट भरलं असेल, असं एक.
ते वजन ग्रेनमध्ये सांगतात.
मी मनात गुंजा करते.
बाबांचं कुडाळला सोनाराचं दुकान होतं.

शेवटच्या खळग्यावर त्यांचा अंगठा असतो.
"एंजल. भोक पडलेला. एकसष्ट साली पहिल्या बोनसात
एवढाच परवडला.
ऐंशी ग्रेन हवेत. दोन त्या भोकाने खाल्ले."

मी हातमोजे काढले.
सव्वापाच मासे, तळहात म्हणाला.
देवदूत भाला रोवून उभा, पायाखाली ड्रॅगन,
आणि भोकाची वरची कड झिजून लांबट झालेली.
दोरा तिथे वर्षानुवर्षं घासला असणार
कुणाच्या तरी श्वासासरशी.

गळ्याला गाठी आलेल्यांना राजा हात लावायचा, ते म्हणाले,
मग हे बांधायचं गळ्यात.
मी म्हटलं, आमच्याकडे गंडमाळा म्हणतात.
म्हणजे?
माळ. गाठींची.

माळेवर माळेचाच उतारा, असं काहीसं म्हणायचं होतं,
इंग्रजीत जमेना.
त्याऐवजी सांगितलं, आमच्या दुकानात
बिनकडीची पुतळी आली की गिऱ्हाईक विचारी,
ही घालायची कशी?

"घालायची?"
साठ वर्षांत त्या ट्रेला हे कुणी विचारलं नव्हतं.

फॉर्मात एक रकाना असतो: जबड्याखाली गाठी, आहेत किंवा नाहीत.
चाचपलं, दोन्ही बाजूंनी.
हातमोजे घालायचे राहून गेले, ते नंतर लक्षात आलं.
नाहीत, म्हटलं.
"हात फार गार आहेत तुमचे," ते म्हणाले,
आणि नाणं खळग्यात ठेवलं,
या वेळी भोक वर करून,
अंगठा बाजूला.

शुक्रवारी जखम मोजली.
होती तेवढीच.