कोपर

आठला दिवे लागतात.
त्याआधी मी अंधारात टाक्यांपुढे उभी असते.
चौदा तास दिवस, दहा तास रात्र,
इथला सूर्य भिंतीवरच्या टायमरमध्ये राहतो
आणि सुट्टी घेत नाही.
उजाडलं असं वाटून मासे अंडी घालतात.
मी ती चहाच्या गाळणीने गाळून घेते,
मंगळ बाजारात पस्तीस रुपयांना घेतलेली गाळणी,
बिलात ‘उपकरण’ म्हणून लिहिलेली.

तीन पिढ्यांपूर्वी आम्ही नरांना
रसायनाच्या पाण्यात ठेवलं होतं,
अक्षरं चुकावीत म्हणून.
चुकली.
वाकडे कणे, बिनपट्ट्यांची अंगं,
दोन दिवस धडकून थांबलेली हृदयं.
त्यांच्या नोंदी मीच केल्या.
हात दुखायचा. बाकी काही दुखायचं की नाही,
तसा रकाना वहीत नव्हता.

मग बेचाळिसाव्या टाकीतला हा.
तेच निळे पट्टे, तीच घाई, तीच भूक.
त्याच्या भावाला लाल रंगात भिजवून
भिंगाखाली ठेवला, तेव्हा दिसलं:
छातीच्या परात दोन हाडं जास्त.
नुसती टाकलेली नाहीत.
दोघांना जोडणारा सांधा आहे,
सांध्यापाशी स्नायू येऊन धरलाय,
जणू त्याला कुणी पत्ता दिला होता.

पारेखबेन बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
“मृणालिनी, एकच अक्षर बदललंय.
हाड बनवायचं कसं, ते याला आधीपासून येत होतं.
आपला हात ज्या जनुकांनी घडतो
तीच याच्यातही आहेत,
कोणी हाक मारली नव्हती, इतकंच.”
मी माझी बाही वर केली
आणि कोपर पाहिलं.
कोरडं, काळवंडलेलं, टेबलावर घासून घासून.
चाळीस कोटी वर्षांपूर्वी या माशाची आणि माझी वाट फुटली,
आणि अजून एकाच वहीतून वाचतोय आम्ही.

पुण्याची मावसबहीण म्हणते, तुमची मराठी बिघडलीय.
बिघडली असेल.
आमचे कोणी गायकवाडांबरोबर घोड्यावरून आले,
कोणी त्या घोड्यांची लीद उचलत.
आम्ही दुसऱ्यांतले.
आजही घरात ‘दरवाजो बंध कर’ असं अर्धं अर्धं चालतं.
आणि एखादा शब्द असा निघतो
जो तिला आठवतही नाही.

संध्याकाळी काळाघोड्याच्या पुलावर स्कूटी थांबवली.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर पडलेली,
पुढचा पाय दुमडून, कोपर चिखलात रुतवून,
एखाद्या कंटाळलेल्या कारकुनासारखी.
कोणीतरी तिच्यावर शेंगदाण्याचा पुडा भिरकावला.
तिने डोळा मिटला. बस्स.

बाबांच्या हाताचं प्लास्टर मंगळवारी निघालं.
मांडवीत चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केलेला हात
आता ताटापासून तोंडापर्यंत पोचत नाही.
मी डाव्या हाताने त्यांना शेव-उसळ भरवते
आणि माशाची गोष्ट सांगते.
“कोपर?” ते म्हणतात. “माशाला?
काय करतो तो त्याचं?”
काही नाही, बाबा. पोहतो.
ते थोडा वेळ चावतात.
“असू दे. लागेल कधीतरी.”
त्यांच्या टेबलाखाली पत्र्याचा डबा आहे,
कुठल्याच यंत्राला न बसणाऱ्या स्क्रूंनी भरलेला.

मी त्यांना सांगत नाही
की तिथे असं ठेवणारं कोणी नसतं,
कधीतरी लागेल म्हणून काही जपलं जात नाही,
जे टिकलं ते दुसऱ्याच कुठल्या कामात गुंतलं होतं म्हणून टिकलं.
मी म्हणते, हात वाकवा. आणखी थोडा.
ते दात आवळतात.
सांधा कुरकुरतो.

दहाला तिथला सूर्य मावळला असेल.
बेचाळीस नंबर अंधारात तळाशी थांबला असेल,
परातलं ते काहीतरी
हलवत किंवा न हलवत.