बदला

रात्री सव्वानऊला पहिला फोन आला:
दहा बाय वीस, अर्जंट, उजाडायच्या आत चौकात पाहिजे.
तोवर रहिमतपुरात कुणाला ठाऊक नव्हतं
की आपण खवळलोय.

टीव्हीवर मात्र दुपारपासून सायरन चालू होता.
आणि कारखान्याचा भोंगा
रोजच्यासारखा पाळी सुटल्याचा झाला,
तर गिरणीतल्या बायका
दळण तसंच टाकून घराकडं पळाल्या.

रणगाडा पाहिजे म्हणाले.
नेटवर एक सापडला, कुठल्या देशाचा कळेना,
अंगावर रशियन का कसली अक्षरं होती,
ती पुसली. मागं आग लावली.
आग माझ्याकडं तयार असते,
गेल्या निवडणुकीत उरलेली.
जवान डाव्या कोपऱ्यात, सुपारीएवढा.
उजवीकडं साहेब, साहेबांखाली भाऊ,
भाऊंखाली शुभेच्छुकांची पंगत,
एकवीस गॉगल.
मधोमध पिवळ्यात:
बदला घेऊ!

तौफिक मुजावर आठ वर्षं माझ्याकडं रिंगा ठोकतो.
फ्लेक्स न्यायला आलेलं पोरगं
त्याच्याकडं बघत मला म्हणालं,
हा अजून इथंच का?
मी म्हणालो, रिंगा किती, बारा का सोळा?
एवढंच म्हणालो.
तौफिकनं सोळा ठोकल्या.
हातोडी त्या रात्री हळू वाजत होती
का मशीनचा पंखा मोठा होता,
मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सुभेदार फडतरे आले.
वाडीच्या वेशीतल्या दगडाची अक्षरं बुजलीत,
म्हणाले, तेवढा काळा रंग भर.
गेलो डबा घेऊन.
कुणीतरी मारुती समजून दगडाला तेल घातलेलं.
खरवडलं तेव्हा इंग्रजी निघालं:
या गावातून त्रेचाळीस पुरुष पहिल्या महायुद्धाला गेले,
सहा परत आले नाहीत.
आकडे कोरीव, देखणे.
नाव एकाचंही नाही.

सुभेदार शेजारच्या पारावर टेकले.
आमचा एक पणजा ह्यात असंल, म्हणाले.
दवंडी फिरली होती म्हणं,
दवंडीत पगाराचा आकडा होता, पागोट्याचा रंग होता,
वैऱ्याचं नाव नव्हतं.
ते बोटीत बसल्यावर कळलं.
मग दगडावरून बोट फिरवत म्हणाले,
हा पाथरवटसुद्धा तुझ्यासारखाच असणार.
अर्जंट ऑर्डर.

मी ब्रश धुताना विचारलं,
चॅनलवाले आले होते ना तुमच्याकडं?
आले होते. म्हणाले, बाबा, लढाईचं सांगा.
मी सांगितलं, थंडी फार असते, पाय सुजतात.
म्हणाले, जरा जोश येऊ द्या.
मी पुन्हा सांगितलं, थंडी फार असते.
मग ते पुढच्या घरी गेले.
त्या घरात कुणी फौजेत नाही,
पण पोरगं चांगलं ओरडलं.
रात्री तेच दाखवलं,
खाली आमच्या गावाचं नाव टाकून.

आठवड्यानं थांबलं सगळं. का सुरू झालं
ते जसं टीव्हीनं सांगितलं, तसंच का थांबलं तेही.
पुन्हा फोन.
फाईल तीच ठेवा. तारीख बदला,
साहेबांचा फोटो बदला, हसरा घ्या,
'घेऊ' बदला, 'घेतला' करा.
आणि 'बदला'?
अहो, बदला कशाला बदलताय?
मी विचारलं, म्हणजे आपण जिंकलो का?
पलीकडं घटकाभर कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, चाललंय की टीव्हीवर.

जुना फ्लेक्स तौफिकनं मागितला,
आईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला.
दिला. पैसे घेतले नाहीत.
एवढ्यानं फिटत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.
पांढरी बाजू वर कर, मी म्हणालो.
त्यानं घडी घातली, रणगाड्यावर साहेब, साहेबांवर आग,
आणि सायकलला बांधता बांधता म्हणाला,
नको, मालक.
छापलेल्या बाजूवरनं पाणी लवकर घसरतं.