शिल्लक

रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: घरगुती.
आणि शनिवारी पहाटे पावणेपाचला
जामसंड्याच्या चढावर होते.
माझ्या दिव्याच्या उजेडात
माझ्यापुरताच डांबराचा तुकडा.
इरफान पुढे. त्याचा लाल ठिपका
वळणाआड जातो, परत दिसतो,
कुणी अंधारात विडी ओढत बसल्यासारखा.

आश्विन.
सड्यावरच्या गवताला आता हिरवं म्हणवत नाही,
पिवळं म्हणायची घाई वाटते.
तळेबाजारला उजाडलं.
शिरगावच्या मळ्यांत कापणी लागलेली,
कापल्या भाताचा तो वास
ओला, गोडसर, जरासा कुजका,
गोणपाटात तोंड खुपसल्यासारखा.
आकडीत कोयता अडकवलेला एक म्हातारा
बांधावरून म्हणाला,
'एस्टी चुकली काय गो बाय?'
'नाय ओ, सोडली.'
तो हसला नाही. त्याला पटलं असावं.

एरवी मी पोस्टात,
बचत खात्याच्या खिडकीमागे.
लोक पासबुक सरकवतात, मी शिल्लक सांगते.
नऊ हजार सहा. सतराशे चाळीस.
कधी, 'पाचशे आहेत मावशी,
पण ते काढता येत नाहीत.'
'ऱ्हवांदेत मगे,' म्हणते मावशी,
आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी रुमालात,
रुमाल ब्लाउजमध्ये.

रात्री फोंड्याला, इरफानच्या आतेबहिणीकडे.
रुबिनानं सुका बांगडा भाजला.
समुद्रापासून इतकं लांब आलो
तरी तो मागून आलाच, मिठात.
तिनं मुठेल वितळवून गुडघ्यांना चोळलं
आणि विचारलं, 'वर जाऊन काय करायचं?'
'खाली यायचं,' इरफान म्हणाला.
मी झोपेचं सोंग घेतलं.

रविवार. घाट.
पहिली चार वळणं मी मोजली,
नंतर फक्त श्वास.
दरडीवर कुर्डूचे गुलाबी पांढरे तुरे,
माकडं कठड्यावर
वाहतूक पोलिसांसारखी कंटाळलेली.
एक ट्रक इतक्या हळू वर चालला होता
की त्याच्या मागची लिंबू-मिरची
मला पाठ झाली.

मग साखळी तुटली.
इरफान रस्त्याकडेला उकिडवा,
बोटं काळी, दातांत पिन.
वाकलेल्या दोन कड्या काढून टाकल्या
आणि उरलेली साखळी जोडली.
'चलात. पण सगळ्यात हलको गियर आता इसर.
आखूड झाली ती.'

हलक्या गियरशिवायचा घाट
म्हणजे बिनहातांचा जिना.
पाऊण तास.
मांड्यांत आधी आग, मग लाकूड,
मग काहीच नाही.
झऱ्याशी पाय टेकला
तो पुन्हा उचललाच नाही.
झोऱ्यांची बाई तिथं म्हशींना पाणी दाखवत होती.
'अजून किती?' मी विचारलं.
'दोन वळणां.'
'वर काय आहे?'
तिनं खरोखरच विचार केला.
'वारो आसा.'

इरफान वरून परत आला, घामानं चकचकीत.
माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं.
मला वाटलं, म्हणेल, आता एवढं आलीस तर.
त्यानं बाटली भरली. म्हणाला,
'घाट काय पळान जावचो नाय.'

उतार मात्र पळाला.
ब्रेकच्या रबराचा जळका वास,
डोळ्यांत वाऱ्याचं पाणी,
सगळी वळणं उलट्या क्रमानं,
ज्यांच्याशी सकाळी भांडले होते
त्यांना नुसता हात करत.
नांदगावला परतीच्या पावसाचा गडगडाट.
बायका उडव्यांवर निळी ताडपत्री ओढत होत्या,
आम्ही सायकली टाकून कोपरे धरले.
थेंब आले चार. ढग तसाच पुढे गेला.
कुणी आभार मानले नाहीत, पेज दिली.

सोमवारी साडेनऊला खिडकी उघडली.
टेबलाखाली पोटऱ्या अजून चढत होत्या.
पिशवीतून रुमाल, रुमालातून पासबुक.
'बघ गो, किती शिल्लक आसत?'
'दोन,' मी म्हटलं,
आणि मग चष्मा लावून
रक्कम नीट वाचून दाखवली.