खटका

वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात
ओळखपत्रांचे फोटो काढायला मला बोलवायचे.
पांढरी चादर, एक स्टूल, दोन दिवे.
हनुवटी वर. हसायचं नाही. चला, पुढचा.

कायतान रुमाव, पॅकिंग खातं, टोकन एकशे बारा.
वरच्या ओठावर मधोमध गोल वण,
पावलीएवढा.
म्हटलं, भाजलं का?
म्हणाला, नाही, ट्रम्पेट.
आणि लगेच तोंड मिटून बसला.

त्या शनिवारी तलावपाळीजवळ, चर्चमागच्या हॉलमध्ये
मी टोकन एकशे बाराचे गाल फुगलेले पाहिले.
टूलरूमचा गोपी पिल्ले
डबल बासला असा बिलगलेला
की लेथवरचा माणूस हाच, हे पटेना.
बाबू सोनकांबळे, बॉयलरवाला,
वरातीत ताशा बडवून हात तयार झालेला,
तो झांजेवर ब्रश असा फिरवत होता
जशी निजलेल्या पोरावरची माशी हाकलावी.
आणि फिलोमेना डाबरे, म्युनिसिपालिटीच्या शाळेत
अपूर्णांक शिकवून आलेली,
माइकसमोर डोळे मिटून उभी.

मला सुरातलं काही कळत नाही.
आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवतो.
पिल्ले समजावायचा: जॅझ म्हणजे
ठरलेलं वाजवायचं नाही,
पण ठरलेल्या ठिकाणी सगळ्यांनी भेटायचं.
मी म्हणायचो, आमच्या सोसायटीत
नेमकं उलटं चालतं.

कॅमेरा रशियन, चोरबाजारातला.
त्याचा खटका म्हणजे कडी लावल्यासारखा.
कायतान वाजवता वाजवता डोळे वटारायचा.
मग मी युक्ती केली,
फोकस लावून बाबूच्या हाताकडे बघत राहायचो.
काठी झांजेवर उतरली की बटण.
झांज माझा आवाज गिळायची.
एकवीस वर्षं मी असे फोटो चोरले.

स्कूटरला सायकलच्या ट्यूबने बांधलेला सॅक्सोफोन,
कोपरीच्या पुलावर, रात्री दीड.
पिल्लेची बोटं, चिकटपट्ट्यांसकट.
फिलोमेनाच्या पर्समधून डोकावणारे
तपासायचे पेपर.
एकात सगळी मंडळी वडापाव खाताना,
फक्त बाबू टेबलावर
दोन चमच्यांनी काहीतरी मोजतोय.
शेवटच्या वर्षीचा कायतान,
कवळी ग्लासात, ट्रम्पेट मांडीवर,
बनियनच्या टोकाने ते पुसताना.

तीन हजार चारशे निगेटिव्ह. काहींना बुरशी लागली.
प्रदर्शन भरवणारा पोरगा भिंग लावून बघत होता.
त्याने विचारलं, काका, यात नावाजलेलं कोण?
मी चष्मा पुसत बसलो.
मग म्हटलं, लिहा: टोकन एकशे बारा.
त्याने लिहिलंही.

परवा कायतानची आयरीन आली,
सोबत जुनी कॅसेट, हॉलमध्ये कुणीतरी भरलेली.
संथ गाणं होतं. फिलोमेना थांबली, पिल्ले थांबला,
एकटा कायतान, एक सूर लांबवर नेऊन
अलगद खाली ठेवला त्याने.
आणि त्या शांततेत
खटॅक.

हा आवाज कसला, अंकल?
पप्पा दर वेळी इथे आले की चिडायचे,
आणि दर वेळी हेच लावायचे.

मी ट्रंक उपसली.
सापडला तो, बुरशीतून वाचलेला:
बाबूचा ब्रश हवेतच, मी चुकीचं मोजलेलं,
ट्रम्पेट नुकतंच ओठांवरून उतरलंय,
वण ओला, चमकतोय,
आणि कायतान सरळ माझ्याकडे बघतोय, संतापून.
त्या बँडमध्ये मी वाजवलेलं एवढंच.

आयरीन म्हणाली, परत लावू?
तिने टेप मागे फिरवली.
ती जागा येईपर्यंत आम्ही दोघं
हनुवटी वर करून बसलो.
हसायचं नाही असं ठरलं होतं.