अदलाबदल

दारव्ह्याच्या अलीकडे, पंपघरात
मी फाइल उघडली: कर्ज येनमध्ये,
व्याज तरतं, मुदत वीस वर्षं.

धुर्वेभाऊंनी दाबाचा काटा पुसला.
"येन हाल्ला तं पानी थांबते का जी?"

नाही. बँकेनं करार केलाय:
तरतं त्यांच्याकडे, ठाम आपल्याकडे,
वर दर सहामाहीला थोडी किंमत.
टोकियोत पापणी लवली तरी
इथली पाणीपट्टी दचकत नाही.

ते झडपेच्या चाकाला बांधलेला
काथ्याचा दोर ओढून बघत होते.
वानरं फिरवतात म्हणे, रात्री.

"मंग ते हालनं गेलं कुठी?
कोनाच्या तरी अंगावर असनच नं."

माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.
वर टाकीतला आवाज बदलला;
त्यांनी न बघताच
मोटर बंद केली.