बर्डीवरची मापं

धरणाचं पाणी चढायच्या आधी ही बर्डी होती,
गावामागची, बोरी-बाभळींची.
पाण्यानं तिचं बेट केलं.
उखर्डू ठेलाऱ्याच्या पाच शेळ्या वरच राहिल्या.
आणायला जाऊ, जाऊ म्हणता
तो स्वतःच गेला.

चाळीस वर्षांनी मी निघालेय,
फैजपूरच्या कॉलेजातला कॅलिपर पिशवीत,
धुडकू भोईच्या नावेतून.
टोकाला त्याचं कुत्रं बसलेलं, कान लोंबते,
शेपटीचा जिलबीसारखा वेढा.
लांडग्याची शेपूट अशी नसते, मी म्हटलं.
'भाकरीनं वयवलं त्याले, ताई,'
वल्हं न थांबवता तो म्हणाला.

शेळ्या धावत आल्या. आमच्याकडे.
गुडघ्याएवढ्या.
करडं दिसतात, आया मागे असतील,
म्हणून मी वाट पाहत राहिले,
तर त्यातल्याच एकीच्या सडाला
मांजराएवढं करडू लुचत होतं.

इथं बिबट्या नाही, तरस नाही, बाजारही नाही.
गवत मात्र मूठभर, आणि वैशाखात तेवढंही नाही.
थोराड हाडाच्या आधी गेल्या असणार.
थोडक्यात भागणाऱ्यांनी वंश ओढला.
कुणी निवड केली नाही, कुणी वहीत मांडलं नाही.
पाण्यानं नुसतं कुंपण घातलं,
बाकी सगळं भुकेनं केलं.

कुत्रं उतरलं. रीत म्हणून एकदा भुंकलं.
एकही शेळी हलली नाही.
एकीनं तर पुढं होऊन त्याचं नाक चाटलं.
ते इतकं ओशाळलं
की नावेत जाऊन पाठ फिरवून बसलं.

मी नळीचं हाड मोजलं, कवटी मोजली,
डोळ्यांमधलं अंतर मोजलं.
भीती मोजायला कॅलिपर कुठं लावायचा
ते कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.
निघाले तेव्हा वहीचं एक पान
त्यांनी खाल्लेलं होतं.

वाटेत बामणोदला वांगी घेतली, भरिताची,
तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी.
देठावर दोन-चार काटे अजून आहेत.
मोडलेल्या घराच्या किल्ल्या
एखादी बाई कमरेला तशाच ठेवते, तसे.
हिची चुलतबहीण काटेरिंगणी, बांधावर पसरलेली:
फळ गोटीएवढं, कडू,
आणि पानाच्या शिरेशिरेवर काटा.
तिला कुणी घरात घेतलं नाही.

पुढं रस्ताभर केळी.
सारखी उंची, सारखे घड, कापणीचा वारही सारखा.
काचेच्या बाटलीत वाढलेली
एकाच कंदाची लाखभर लेकरं.
फळ कापलं की मधोमध बारीक काळे ठिपके,
पाटीवरून पुसलेल्या अक्षरांसारखे.
तिथं बी असायचं.

भुसावळच्या दातांच्या डॉक्टरनं
माझा एक्स-रे खिडकीशी धरला होता.
'अक्कलदाढेला जबड्यात जागाच नाही तुमच्या.'
माझा आजा बोराची आठळी दाढेखाली फोडायचा,
आम्हा पोरांना आतला दाणा काढून द्यायचा.
मी भरीत खाते. भाजलेलं, सोललेलं, ठेचलेलं.
माझ्याभोवती कुठलं पाणी चढलं
आणि केव्हा, मला दिसलं नाही.

मग पालच्या वरच्या अंगाला
सुभान तडवीनं रानकेळं तोडून दिलं,
बुटकं, जाड सालीचं.
'दात सांभाळा,' म्हणाला.
कटकन वाजलं.
गर नावापुरता,
तोंडभर काळे कुळकुळीत खडे.
केवढं बी! एका फळात अख्खं जंगल कोंबलेलं.
मी थुंकायला वाकले,
तर त्यानं दंड धरून मला थांबवलं.

'अठी नका थुकू, ताई.
तठी, नाल्याकडे.
तठी सावली हाये.'